तीन साबण, एक ब्रश आणि बोअरचं पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: दाढीसाठी चंदनाचा साबण, मेंथॉलचं क्रीम आणि चरबीपासून बनवलेला एक परदेशी साबण असे तीन प्रकार आलटूनपालटून वापरतो. ब्रश एकच, डुकराच्या केसांचा. साबण बदलताना दर वेळी ब्रश शाम्पूने धुवायचा का? दर आठवड्याला व्हिनेगरमध्ये बुडवावा असंही कुणी सांगतं, ते खरं का? वर्षभरात ब्रशच्या मुळाशी पांढरं काहीतरी साठलंय, केस गळतायत, आदल्या दिवशीच्या साबणाचा वास येतो. घरी बोअरचं पाणी आहे.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली आहे. बोअरचं पाणी. तुमच्या ब्रशचं जे काही झालंय त्याला तीन साबण जबाबदार नाहीत, हे पाणी जबाबदार आहे, आणि त्याहूनही जास्त ब्रश धुण्याची आपली सवय.

आधी साबणांचं बघू. दाढीचा साबण कुठल्याही देशाचा आणि कुठल्याही वासाचा असो, गाभा बहुतेक एकच असतो. स्टिअरिक आम्ल (चरबी-तेलातून मिळणारं मेणासारखं आम्ल), खोबरेल, पामतेल किंवा प्राण्यांची चरबी, आणि त्यावर कॉस्टिक पोटॅश व कॉस्टिक सोडा. पोटॅशमुळे साबण मऊ राहतो आणि फेस पटकन धरतो, सोड्यामुळे वडी घट्ट होते. वर ग्लिसरीन, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण), सुगंध वगैरे. त्यामुळे कालच्या चंदनाच्या साबणाचा थोडा अंश आजच्या क्रीममध्ये उतरला तर फेस बिघडत नाही, त्वचेलाही फरक पडत नाही. मिसळतो तो फक्त वास. नीट खळबळून धुतलेला ब्रश दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साबणावर बिनधास्त चालवा. दर वेळी शाम्पू नको. दर आठवड्याला व्हिनेगर तर अजिबात नको.

आता त्या पांढऱ्या थराकडे येऊ. मी ब्रशच्या जुन्या मुठींतला केसांचा खराब झालेला गुच्छा काढून नवा बसवून देतो, त्यामुळे असे ब्रश आतून बघायला मिळतात. वरून टोकं मऊ असतात, बघणाऱ्याला वाटेल ब्रश अजून चांगला आहे. पण केस बोटांनी फाकवून मुठीपर्यंत खाली गेलं की तिथे अर्ध्या पेराएवढ्या उंचीत केस एकमेकांना चिकटून कडक चकती झालेली असते. नखाने खरवडली की मेणचट पांढरी भुकटी निघते. ती पाण्यात टाकून कितीही ढवळली तरी विरघळत नाही, वर तरंगत राहते. हा साबणच आहे, पण कॅल्शियमचा आणि मॅग्नेशियमचा. बोअरच्या पाण्यातले क्षार साबणाला भेटले की असा न विरघळणारा साका तयार होतो. तुमच्या आंघोळीच्या बादलीला आतून जो पांढरट थर बसतो तो हाच.

हा साका किती होतो याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या क्षारांच्या प्रमाणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. समजा तुमचं पाणी 300 चं आहे, बोअरला हे काही फार नाही. असं एक लिटर पाणी जवळपास पावणेदोन ग्रॅम साबण मारून टाकतं, म्हणजे त्याचा साका करतं. एका दाढीला आपण साबण घेतो तोच साधारण ग्रॅमभर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण ब्रशची सगळी निगा यावर उभी आहे. दाढी संपते तेव्हा ब्रशच्या पोटात भरपूर फेस शिल्लक असतो. आपण तो तसाच नळाखाली धरतो आणि स्वच्छ होईल म्हणून धो धो पाणी सोडतो. त्या प्रत्येक धारेबरोबर नवीन क्षार आत जातात आणि आतल्या साबणाला धरून केसांच्या मुळाशी साका बसवतात, कारण तिथे केस सगळ्यात दाट असतात आणि पाणी सगळ्यात कमी फिरतं. साका धुताना तयार होतो. म्हणून मी शिकवतो ती पहिली गोष्ट ही: आधी फेस काढा, मग पाणी लावा.

दाढी झाली की अंगठा आणि दोन बोटांनी गुच्छा मुठीलगत धरा आणि दाबत दाबत टोकांकडे या. फेसाचा गोळा बाहेर येतो. पुन्हा मुळापासून दाबा, पुन्हा येतो. तीन-चार वेळा असं केलं की ब्रशमधला बहुतेक साबण पाण्याचा थेंबही न लावता निघून जातो. ओढायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही, फक्त दाबायचं. पिळा दिला की केस मुळाशी तुटतात. मग मगमध्ये थोडं कोमट पाणी घेऊन ब्रश त्यात खालीवर बुचकळा, पाणी फेका, दुसरं घ्या. नळाखाली धरायचाच असेल तर टोकं वर आणि केस थोडे फाकवून, म्हणजे धार मुळापर्यंत जाईल. शेवटी एक पेलाभर फिल्टरचं पाणी. आरओचं असेल तर उत्तम. त्या पेल्यात ब्रश खळबळवून पाणी उजेडात धरून बघा. दुधाळ दिसलं तर आत अजून साबण आहे, स्वच्छ दिसलं तर काम झालं. आरओचं पाणी ब्रशसाठी खर्च करायचं म्हणजे घरातून बोलणी बसतात, पण एक पेलाच लागतो, आणि आरओने क्षार जवळपास काढून टाकलेले असल्याने नवा साका होत नाही. आरओ नसेल तर उकळून गार केलेलं, वरून निथळून घेतलेलं पाणी वापरा. उकळल्याने कठीणपणाचा एक भाग तळाशी बसतो, सगळा जात नाही, पण फरक पडतो.

याच पाण्यात फेस केला तर आणखी चांगलं. बोअरच्या पाण्यात फेस लवकर मरतो म्हणून आपण साबण जास्त घेतो, आणि साबण जास्त म्हणजे साकाही जास्त.

तुमच्याकडचं पाणी कसं आहे ते घरीच कळतं. पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्या, दाढीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली पाणी जवळपास स्वच्छ असेल तर पाणी मऊ. फेस कमी आणि पाण्यात दह्यासारखे कण तरंगताना दिसले तर पाणी कठीण. मुंबईच्या तलावांचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांना वर्षानुवर्षं हा त्रास कळतही नाही. तेच कुटुंब शहराच्या कडेला टँकरवर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत राहायला गेलं की सहा महिन्यांत ब्रश बदलल्यासारखा वागू लागतो आणि दोष नव्या साबणावर येतो.

आता वासाबद्दल. सगळे वास सारखे चिकटत नाहीत. लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास हलके, ब्रश वाळेपर्यंत उडून जातात. चंदन, पचौली, कस्तुरीच्या वळणाचे वास जड असतात आणि हळूहळू उडतात, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशीही ब्रशमध्ये सापडतात. डुकराचा केस पाणी स्वतःत शोषून घेतो, म्हणून तो भिजल्यावर मऊ होतो, आणि माझ्या अनुभवात वासही तोच सगळ्यात जास्त धरून ठेवतो. त्याखालोखाल बॅजर नावाच्या प्राण्याचा. कृत्रिम धाग्याचा ब्रश जवळपास काहीच धरत नाही. पण यातली मेख अशी की वास बहुतेक वेळा केसात नसतोच, तो मुळाशी साठलेल्या साक्यात मुरलेला असतो. थर निघाला की वासाचा बराचसा प्रश्न आपोआप मिटतो.

तुमच्या यादीत मेंथॉल आहे, त्याला मात्र मी वेगळं काढतो. मेंथॉल अगदी थोडं राहिलं तरी गालाला गार लागतं आणि चंदनाच्या साबणाची मजा जाते. मेंथॉलसाठी वेगळा ब्रश ठेवा, आणि तो कृत्रिम धाग्याचा घ्या. महागाचा लागत नाही, काही तासांत वाळतो. तोपर्यंत एकाच ब्रशवर चालवायचं असेल तर मेंथॉलच्या दिवशी धुताना भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब तळहातावर घेऊन ब्रश त्यावर फिरवा आणि धुऊन टाका. ज्यांना एखाद्या सुगंधाची किंवा लॅनोलिनची ॲलर्जी आहे त्यांनीही त्या साबणाचा ब्रश कायम वेगळाच ठेवावा, तिथे नुसतं धुण्यावर भरवसा नको.

साबणापेक्षा ब्रशला खरोखर बाधणाऱ्या तीन गोष्टी दाढीच्या टेबलावर असतात आणि त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

एक, तेल. दाढीआधी गालाला खोबरेल किंवा बदामतेल चोळायची पद्धत चांगली आहे, पण तेल जास्त झालं की ते ब्रशवर चढतं आणि फेस मरतो. पुढचे दोन-तीन दिवस कुठलाही साबण नीट फुलत नाही. तेल लावायचं तर अगदी थेंबभर, आणि त्या दिवशी ब्रशला भांड्यांच्या लिक्विडचा थेंब द्या.

दुसरी, कंडिशनर. केस मऊ व्हावेत म्हणून ब्रशला कंडिशनर लावणारे बरेच जण आहेत. त्याचा लेप केसांवर बसतो, ब्रश लुळा पडतो, फेस धरत नाही. शाम्पू वापरणार असाल तर साधा, कंडिशनर नसलेला.

तिसरी, तुरटी. ही आपल्याकडे घरोघरी आहे. दाढीनंतर तुरटीचा खडा ज्या मगात बुडवतात त्याच मगात ब्रश धुतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणाला कॅल्शियमसारखंच धरतं आणि चिकट, न विरघळणारा साका होतो. साबणाच्या पाण्यात तुरटी फिरवून बघा, पाणी डोळ्यांदेखत नासतं. तुरटी गालावर लावा, पण ब्रश आधी धुऊन बाजूला ठेवल्यावर. तुरटीचा हात ब्रशला नको.

मोठी सफाई कधी करायची? ज्यांचं पाणी मऊ आहे त्यांना तीन-चार महिन्यांतून एकदा पुरते. बोअरवाल्यांनी महिना-दीड महिन्यातून. पण वेळापत्रकापेक्षा बोटांचं ऐका. कोरडा ब्रश मुळाशी चिमटीत धरून चोळा. केस एकमेकांवरून मोकळे सरकले तर काही करू नका. करकर लागलं, पांढरी भुकटी दिसली किंवा मुळाशी गाठ जाणवली तर करा.

पद्धत अशी. आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून ब्रश तळहातावर मिनिटभर फिरवा, मुळाशी बोटांनी चोळा, धुवा. यात वरचं तेल आणि मोकळा साबण निघतो, म्हणजे पुढचं आम्ल थेट साक्यापर्यंत पोचतं. मग एक भाग साधं पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग कोमट पाणी. व्हिनेगर नको असेल तर वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्व, लिटरभर पाण्याला एक लहान चमचा, साधारण 5 ग्रॅम. वाटीत इतकंच घ्या की केस बुडतील आणि मूठ वर राहील. पाच मिनिटं ठेवा, मध्ये मध्ये हळू फिरवा, मुळाशी दाबा. पाणी गढूळ होईल, वर पांढरे कण येतील. थर जुना असेल तर ताजं मिश्रण घेऊन आणखी पाच मिनिटं, त्याहून जास्त एका दिवशी नको. राहिलेलं पुढच्या आठवड्यात काढा.

बहुतेक लोक इथे थांबतात, आणि म्हणून त्यांचा ब्रश सफाईनंतर मेणचट लागतो. आम्लाने साक्यातलं कॅल्शियम सोडवलं, पण साबणातलं स्टिअरिक आम्ल मागे राहिलं, आणि तेही पाण्यात विरघळत नाही. म्हणून पुन्हा एकदा लिक्विडचा थेंब, पुन्हा चोळणं, आणि शेवटी मऊ पाण्यात खळबळवणं. ही तिसरी पायरी गाळली तर पहिल्या दोन निम्म्या वाया जातात. नंतर एकदा नेहमीच्या साबणाचा दाट फेस करून पाच मिनिटं ब्रशमध्ये राहू द्या आणि काढून टाका. ब्रश पुन्हा ताळ्यावर येतो.

व्हिनेगर आठवड्याला का नको, हे आता स्पष्ट व्हावं. थर नसताना आम्लात बुडवून मिळत काहीच नाही, प्राण्याचा केस उगाच कोरडा पडतो, आणि गुच्छा ज्या डिंकाने बसवलेला असतो त्याला वारंवार भिजवणं चांगलं नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवण्याचा उपायही सोडून द्या, दोघं एकमेकांना संपवतात आणि वाटीत जवळपास मिठासारखा एक क्षार तेवढा उरतो. ब्लीच, फरशीची आम्लं, उकळतं पाणी हे ब्रशच्या जवळही आणू नका. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम, कारण त्यापुढे केसही जातो आणि डिंकही. मूठ लाकडाची किंवा शिंगाची असेल तर ती कधीही बुडवू नका. शिंग पाण्याने फुगतं आणि वाळताना पापुद्रे सुटून तडकतं.

वाळवण्यावर लोक फार वाद घालतात, उलटा टांगायचा की उभा ठेवायचा. मी दोन्ही प्रकारे ठेवलेले ब्रश उघडले आहेत, मला फरक दिसला नाही. फरक पडतो तो झटकण्याने आणि हवेने. धुतल्यावर चार-पाच वेळा जोरात झटका, स्वच्छ टॉवेलवर केस हलके फिरवा, बोटांनी फुलवा, आणि न्हाणीघराच्या बाहेर ठेवा. कपाटात किंवा प्रवासाच्या बंद नळकांड्यात ओला ब्रश म्हणजे कुबट वासाची हमी.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, गोव्यात आणि मुंबईत, जुलै-ऑगस्टची दमट हवा डुकराचा ब्रश एका दिवसात वाळूच देत नाही. तिथे दोन ब्रश लागतातच, एक दिवसाआड. किंवा पावसाळ्यापुरता कृत्रिम ब्रश वापरा आणि नैसर्गिक ब्रश पूर्ण कोरडा करून कागदात गुंडाळून ठेवा. रात्रभर पंख्याखाली ठेवला तर चालतो. कडक उन्हात वाळवू नका, केस ठिसूळ होतो. मुळाशी काळे ठिपके दिसले आणि धुऊनही कुबट वास जात नसेल तर बुरशी गुच्छ्याच्या आत गेली आहे. तो चेहऱ्याला लावू नये.

याला जोडून एक सांगतो, कारण आजोबांचा ब्रश सापडला, धुऊन वापरू का, असं मला वारंवार विचारतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा पुरवठा आटला, तेव्हा आशियातून आलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश नीट निर्जंतुक न करताच बाजारात आले आणि त्यातून ब्रिटन व अमेरिकेत सैनिकांना आणि सामान्य लोकांना अँथ्रॅक्स, हा जनावरांकडून येणारा जीवघेणा आजार, झाला, काही दगावले. पुढे नियम आले आणि ब्रशवर निर्जंतुक केल्याचा शिक्का मारू लागले. अँथ्रॅक्सचे बीजाणू फार चिवट असतात, साबण किंवा व्हिनेगर त्यांचं काही करू शकत नाही. त्यामुळे फार जुना, कुठल्या केसांचा ते माहीत नसलेला ब्रश आठवण म्हणून जपा. वापरायचाच असेल तर मूठ ठेवून त्यात नवा गुच्छा बसवून घ्या. आणि आपला ब्रश दुसऱ्याला देऊ नका, भावालाही नाही. गालावर पुरळ किंवा दाढीत दाद असेल तर बरं होईपर्यंत ब्रश बंद ठेवून हातानेच फेस करा.

आता तुमचे गळणारे केस. गळलेला केस उचलून मोजा. तो गुच्छ्यातल्या इतर केसांइतकाच किंवा त्यांच्याहून लांब असेल आणि एका टोकाला डिंकाचा कण दिसत असेल, तर केस मुळातून सुटतोय. म्हणजे डिंक कच्चा पडलाय. नव्या ब्रशला पहिले काही दिवस असं होतं आणि थांबतं, वर्षभराने सुरू झालं तर थांबत नाही. केस आखूड आणि टोक तुटल्यासारखं असेल तर तो मुळाशी मोडतोय. कडक थरात खालचा भाग जखडलेला आणि वरचा भाग रोज गालावर वाकणारा, त्यामुळे थराच्या काठावर तो तुटतो. तुमच्या वर्णनावरून मला हे दुसरं वाटतं.

तसं असेल तर वर लिहिलेली सफाई आज करा, आठवड्याने पुन्हा एकदा करा, आणि रोज आधी फेस दाबून काढण्याची सवय लावा. तुटलेले केस परत येणार नाहीत, पण नवे तुटणं महिन्याभरात कमी व्हायला हवं. फेस करताना ब्रश वडीवर किंवा गालावर मुळापर्यंत दाबू नका, टोकांचा वरचा अर्धा भाग वाकला की पुरे. मधोमध केस विरळ होऊन खड्डा पडला असेल तर तो अशा दाबण्यानेच पडतो, आणि मग गुच्छा बदलण्याशिवाय इलाज नाही. डुकराच्या केसांचा ब्रश मुळात स्वस्त असतो, त्यामुळे मूठ खास आवडीची नसेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा घ्या, आणि त्याला पहिल्या दिवसापासून फिल्टरचं पाणी द्या.